अंतर किती, वेळ किती?

विमानाच्या तिकिटावर दोन वेळा छापलेल्या असतात. एक निघण्याची आणि दुसरी पोहोचण्याची. मुंबईहून न्यूयॉर्कला जाणारे एखादे विमान रात्री दीड वाजता निघते आणि त्याच तारखेला सकाळी सात वाजता पोहोचते, असे तिकिटावर लिहिलेले असते. वाचणाऱ्याला वाटते की प्रवास साडेपाच तासांचा आहे. प्रत्यक्षात त्याला सोळा तास विमानात बसावे लागते. परतीच्या तिकिटावर मात्र याच्या उलट दिसते. सकाळी साडेअकराला निघालेले विमान दुसऱ्या दिवशी दुपारी साडेबाराला मुंबईत उतरते. म्हणजे पंचवीस तास? नाही. तो प्रवास साडेचौदा तासांचाच असतो.

असे का होते? दोन विमानतळांमधील अंतर कसे मोजतात? तेच अंतर जाताना आणि येताना वेगवेगळ्या वेळात का कापले जाते? या पाठात आपण या प्रश्नांची उत्तरे शोधणार आहोत. त्यासाठी भिलाईजवळील मरोदा हे ठिकाण आपण प्रवासाचा आरंभबिंदू म्हणून घेऊ.

१. मरोद्याहून निघताना

मरोदा हा छत्तीसगडमधील भिलाई या पोलादनगरीचा भाग आहे. दुर्गहून दल्ली राजहरा येथील लोहखनिजाच्या खाणींकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गावर मरोदा हे स्थानक लागते. येथील जलाशयातून पोलाद कारखान्याला पाणी मिळते. सोव्हिएत संघाच्या सहकार्याने उभारलेल्या या कारखान्याच्या पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन १९५९ साली राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते झाले. तेव्हापासून देशाच्या सर्व भागांतून लोक येथे नोकरीसाठी आले. त्यांत मराठी कुटुंबेही होती. आज त्यांच्यापैकी अनेकांची मुले व नातवंडे पुण्या-मुंबईत, तर काहींची परदेशात आहेत. लग्नकार्य असो, आजारपण असो किंवा नातवाचे बारसे असो, दूरच्या प्रवासाचा हिशेब करण्याची वेळ आता अनेक घरांवर येते.

मरोद्याला सर्वांत जवळचा मोठा विमानतळ म्हणजे रायपूरचा स्वामी विवेकानंद विमानतळ होय. तो रायपूरजवळ माना येथे आहे. मरोद्यापासून सरळ रेषेत तो सुमारे ४० किलोमीटर अंतरावर आहे. रस्त्याने मात्र ४५ ते ५० किलोमीटर जावे लागते. सरळ रेषेतील अंतर आणि प्रत्यक्ष मार्गाचे अंतर यांतील हा फरक ध्यानात ठेवावा. रस्ता वळणे घेतो, नदीवर पूल असेल तेथूनच जातो आणि गावांना जोडत पुढे सरकतो.

रेल्वेचेही तसेच आहे. दुर्गहून मुंबईपर्यंतचा लोहमार्ग गोंदिया, नागपूर, भुसावळ असा जातो आणि तो सुमारे १,१०० किलोमीटरचा आहे. गाडीला साधारणपणे अठरा ते वीस तास लागतात. रायपूर आणि मुंबई या दोन विमानतळांमधील सरळ अंतर मात्र सुमारे ९५५ किलोमीटर आहे. विमानाला डोंगर, नदी किंवा घाट यांना वळसा घालावा लागत नाही. म्हणून हवाई अंतर नेहमी कमी भरते.

२. हवाई अंतर कसे मोजतात?

पृथ्वीवरील प्रत्येक ठिकाणाचा पत्ता अक्षांश आणि रेखांश या दोन संख्यांनी सांगता येतो. विषुववृत्तापासून उत्तरेस किंवा दक्षिणेस असलेले स्थान अक्षांश दाखवतो. इंग्लंडमधील ग्रीनिच येथून पूर्वेस किंवा पश्चिमेस असलेले स्थान रेखांश दाखवतो. रायपूरचा विमानतळ सुमारे २१.२ अंश उत्तर अक्षांश आणि ८१.७ अंश पूर्व रेखांश येथे आहे. मुंबईचा विमानतळ १९.१ अंश उत्तर आणि ७२.९ अंश पूर्व येथे आहे.

अक्षांशाचा एक अंश म्हणजे जमिनीवरील सुमारे १११ किलोमीटर. या अंशाचे साठ समान भाग केले, तर प्रत्येक भाग १.८५२ किलोमीटरचा होतो. त्यालाच सागरी मैल म्हणतात. जहाजे आणि विमाने आजही अंतर सागरी मैलांत मोजतात. तासाला एक सागरी मैल या वेगाला एक नॉट म्हणतात. वैमानिकाने विमानाचा वेग ४८५ नॉट सांगितला, तर तो ताशी सुमारे ९०० किलोमीटर असतो.

रेखांशाच्या अंशाची लांबी मात्र सर्वत्र सारखी नसते. विषुववृत्तावर ती १११ किलोमीटर असते आणि ध्रुवांकडे जावे तशी कमी होत जाते. ध्रुवावर सर्व रेखांश एका बिंदूत मिळतात. संत्र्याच्या फोडी मध्यभागी रुंद आणि दोन्ही टोकांना निमुळत्या असतात, तसेच हे आहे.

३. सर्वांत जवळचा मार्ग वाकडा का दिसतो?

आता मुंबई आणि न्यूयॉर्क या दूरच्या दोन विमानतळांकडे वळू. भिंतीवरील जगाचा नकाशा समोर ठेवा. नेहमीच्या चौकोनी नकाशावर मुंबई आणि न्यूयॉर्क यांना पट्टीने जोडले, तर ती रेषा अरबस्तान, सहारा वाळवंट आणि अटलांटिक महासागर यांवरून जाते. हाच मार्ग जवळचा असावा असे कोणालाही वाटेल.

परंतु पृथ्वी गोल आहे आणि नकाशा सपाट आहे. गोल पृष्ठभाग सपाट कागदावर पसरताना कोठे तरी ताण पडतोच. समुद्रप्रवासासाठी केलेल्या मर्केटर पद्धतीच्या नकाशात दिशा बरोबर राहतात, पण उत्तरेकडील व दक्षिणेकडील प्रदेश आहेत त्याहून फार मोठे दिसतात. म्हणून अशा नकाशावरील सरळ रेषा ही जमिनीवरील सर्वांत आखूड रेषा असेलच असे नाही.

याची प्रचीती घरच्या घरी घेता येते. एक पृथ्वीगोल घ्या. तो नसेल तर मोठा चेंडू किंवा कलिंगड चालेल. पृथ्वीगोलावर मुंबई आणि न्यूयॉर्क या ठिकाणी दोऱ्याची दोन टोके धरा आणि दोरा ताणा. ताणलेला दोरा आपोआप सर्वांत आखूड वाट धरतो. तो सहारावरून जात नाही. तो उत्तरेकडे चढतो, मध्य आशियावरून रशियात शिरतो, सेंट पीटर्सबर्गजवळून नॉर्वेकडे जातो, आइसलँडच्या दक्षिण भागावरून ग्रीनलँडचे दक्षिण टोक गाठतो आणि मग कॅनडावरून खाली न्यूयॉर्कला उतरतो. या मार्गाचा सर्वांत उत्तरेकडील बिंदू सुमारे ६५ अंश उत्तर अक्षांशावर येतो. तेथून उत्तर ध्रुववृत्त फार दूर नाही.

गोलाच्या केंद्रातून जाईल अशा रीतीने गोल कापला, म्हणजे पृष्ठभागावर जे वर्तुळ मिळते त्याला बृहद्वृत्त म्हणतात. गोलावरील कोणत्याही दोन बिंदूंमधील सर्वांत आखूड वाट बृहद्वृत्तावरूनच जाते. मुंबई आणि न्यूयॉर्क यांच्यामधील बृहद्वृत्तीय अंतर सुमारे १२,५३० किलोमीटर आहे. एकच दिशा धरून, म्हणजे मर्केटर नकाशावरील सरळ रेषेने गेल्यास ते सुमारे १४,२०० किलोमीटर होईल. कागदावर सरळ दिसणारी वाट जवळजवळ १,७०० किलोमीटर अधिक लांबीची आहे. मरोद्याहून मुंबईला जाण्याच्या रेल्वे अंतराच्या दीडपट असा हा फरक आहे.

जवळच्या ठिकाणांबाबत हा फरक नगण्य असतो. रायपूर ते मुंबई या मार्गावर तो जाणवणारही नाही. अंतर जसे वाढते आणि मार्ग जसा विषुववृत्तापासून दूर जातो, तसा फरक वाढत जातो.

४. अंतर भागिले वेग

वेळ काढण्याचे सूत्र आपणास शाळेपासून ठाऊक आहे. अंतराला वेगाने भागले की वेळ मिळतो. या साध्या सूत्रावर आपल्याच भागात एकेकाळी एक मोठी व्यवस्था उभी होती.

१९४९ साली भारतात रात्रीची हवाई टपालसेवा सुरू झाली आणि तिचे केंद्र नागपूर होते. मुंबई, दिल्ली, कोलकाता आणि चेन्नई या चार शहरांतून टपाल व प्रवासी घेऊन विमाने निघत आणि मध्यरात्रीच्या सुमारास नागपूरला एकत्र येत. तेथे टपालाच्या थैल्यांची अदलाबदल होई आणि विमाने आपापल्या शहरांकडे परतत. संध्याकाळी टाकलेले पत्र सकाळी देशाच्या दुसऱ्या टोकाला पोहोचे. नागपूरचीच निवड का झाली, हे अंतरे पाहिली म्हणजे कळते. तेथून मुंबई सुमारे ६८०, दिल्ली सुमारे ८५५, चेन्नई सुमारे ९१० आणि कोलकाता सुमारे ९८५ किलोमीटर आहे. चारही महानगरे एका रात्रीच्या टप्प्यात येतात.

त्या काळच्या डाकोटा विमानाचा वेग ताशी सुमारे २७० किलोमीटर धरू. या हिशेबाने मुंबईहून नागपूरला अडीच तास लागतील, तर कोलकात्याहून तीन तास चाळीस मिनिटे. चारही विमाने एकाच वेळी नागपूरला पोहोचावीत असे वाटत असेल, तर कोलकात्याचे विमान मुंबईच्या विमानापूर्वी एक तासाहून अधिक वेळ आधी निघाले पाहिजे. वेळापत्रक आखणे म्हणजे असा हिशेब करणे होय.

आता आजच्या रायपूर–मुंबई उड्डाणाला हेच सूत्र लावू. जेट विमान सरासरी ताशी ८०० किलोमीटर वेगाने गेले, तर ९५५ किलोमीटरला सुमारे एक तास बारा मिनिटे पुरावीत. वेळापत्रकात मात्र दोन तासांच्या आसपास वेळ दिलेला असतो. उरलेला वेळ कोठे जातो?

विमानाचा वेळ ते आपल्या जागेवरून हलते तेव्हापासून मोजला जातो आणि दुसऱ्या विमानतळावर ते जागेवर थांबेपर्यंत चालू राहतो. धावपट्टीपर्यंत जमिनीवरून जाणे, तेथे आपली पाळी येईपर्यंत थांबणे, उंची गाठणे, उतरण्यापूर्वी वेग कमी करणे आणि गर्दी असल्यास आकाशातच फेऱ्या मारणे, हे सर्व त्यात धरलेले असते. मुंबईसारख्या गजबजलेल्या विमानतळावर या कामांना अधिक वेळ लागतो. म्हणून लहान अंतराच्या प्रवासात हा जादा वेळ प्रमाणाने फार मोठा दिसतो आणि लांबच्या प्रवासात तो तितका जाणवत नाही.

५. जाताना सोळा, येताना साडेचौदा

मुंबई–न्यूयॉर्क मार्गावर जाण्याला आणि येण्याला सारखा वेळ लागत नाही. पुष्कळांना वाटते की पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते म्हणून पश्चिमेकडे जाणारे विमान लवकर पोहोचावे. ही समजूत बरोबर नाही. जमिनीबरोबर तिच्यावरील हवाही फिरत असते आणि विमान त्या हवेतूनच उडते. चालत्या आगगाडीत पुढच्या डब्याकडे चालत जा किंवा मागच्या डब्याकडे, पावले तितकीच पडतात. तसाच हा प्रकार आहे.

खरे कारण वाऱ्यात आहे. जमिनीपासून सुमारे नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर, पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे अतिवेगवान वाऱ्यांचे अरुंद पट्टे असतात. त्यांना जेट वारे म्हणतात. त्यांचा वेग अनेकदा ताशी शंभर किलोमीटरहून अधिक असतो आणि हिवाळ्यात तो तीनशेच्याही वर जाऊ शकतो. विषुववृत्ताकडील उष्ण हवा आणि ध्रुवाकडील थंड हवा यांच्या तापमानांतील फरकामुळे, तसेच पृथ्वीच्या परिवलनामुळे हे वारे निर्माण होतात. नदीत प्रवाहाबरोबर जाणारी नाव लवकर पोहोचते आणि प्रवाहाविरुद्ध जाणारीला वेळ लागतो, हे आपण जाणतोच.

एक ढोबळ हिशेब करू. विमान नेहमीच बृहद्वृत्तावरून जाऊ शकत नाही, म्हणून मार्ग १२,८६० किलोमीटरचा धरू. हवेतील वेग ताशी ९०० किलोमीटर आणि संपूर्ण मार्गावरील वाऱ्याचा सरासरी वेग ताशी ५० किलोमीटर मानू.

जाताना वारा समोरून येतो. जमिनीच्या तुलनेत वेग ८५० राहतो. १२,८६० ला ८५० ने भागले असता सुमारे १५ तास ८ मिनिटे येतात.

येताना वारा पाठीमागून येतो. वेग ९५० होतो. १२,८६० ला ९५० ने भागले असता सुमारे १३ तास ३२ मिनिटे येतात.

दोन्हींमध्ये जमिनीवरील हालचाल, चढणे आणि उतरणे यांचा सुमारे पाऊण तास मिळवला, म्हणजे जवळजवळ सोळा तास आणि साडेचौदा तासांच्या आसपास वेळ होतो. केवळ ५० किलोमीटरच्या वाऱ्याने दीड तासाहून अधिक फरक पडला. म्हणूनच विमानकंपन्या दररोज वाऱ्याचा अंदाज पाहून त्या दिवसाचा मार्ग ठरवतात. कधी कधी अंतराने लांब असलेला मार्ग वेळेने जवळचा ठरतो.

६. आकाशालाही सीमा असतात

प्रत्येक देशाच्या भूमीवरील आकाश त्या देशाच्या अधिकारात असते. परवानगीवाचून तेथून विमान नेता येत नाही. युद्ध किंवा तणाव असेल, तर आकाश बंद केले जाते आणि विमानांना वळसा घालावा लागतो. फेब्रुवारी ते जुलै २०१९ या काळात पाकिस्तानवरील आकाश भारतातून पश्चिमेकडे जाणाऱ्या विमानांसाठी बंद होते. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने ते भारतीय कंपन्यांच्या विमानांसाठी पुन्हा बंद केले. २०२२ साली युक्रेनवर आक्रमण झाल्यानंतर रशियाने अमेरिकेच्या व युरोपमधील अनेक देशांच्या विमानांना आपले आकाश बंद केले. अशा काळात दिल्लीहून निघालेली विमाने गुजरात आणि अरबी समुद्राकडून वळून गेली, आणि काही लांब उड्डाणांना मध्ये इंधनासाठी उतरावे लागले.

वळसा घालणे नेहमीच फार महाग पडते असे नाही. मुंबईहून इस्तंबूलवरून न्यूयॉर्कला गेल्यास अंतर सुमारे १२,८६० किलोमीटर होते. सर्वांत आखूड मार्गापेक्षा हे ३३० किलोमीटरने जास्त आहे. ताशी ९०० किलोमीटर वेगाने त्याला जेमतेम बावीस मिनिटे अधिक लागतील. परंतु दोन-तीन देशांचे आकाश एकाच वेळी बंद झाले, तर हाच वळसा तासांत मोजावा लागतो. जास्त वेळ म्हणजे जास्त इंधन आणि जास्त इंधन म्हणजे महाग तिकीट. दूरच्या देशांतील भांडणाचा भार अशा रीतीने सामान्य प्रवाशाच्या खिशावर येतो.

७. घड्याळ बदलते तेव्हा

आता तिकिटावरील कोड्याकडे येऊ. पृथ्वी २४ तासांत ३६० अंश फिरते. म्हणजे एका तासात १५ अंश आणि एका अंशाला चार मिनिटे. पूर्वेकडील गावात सूर्य आधी डोक्यावर येतो आणि पश्चिमेकडील गावात नंतर. मरोदा आणि मुंबई यांच्या रेखांशांत सुमारे साडेआठ अंशांचा फरक आहे. म्हणून मरोद्याला सूर्य माथ्यावर येतो, त्यानंतर सुमारे चौतीस मिनिटांनी तो मुंबईत माथ्यावर येतो.

प्रत्येक गावाने आपले घड्याळ सूर्यावर लावले, तर रेल्वे आणि विमाने चालवणे अशक्य होईल. म्हणून १९०६ सालापासून भारतात ८२.५ अंश पूर्व रेखांशावरील वेळ प्रमाणवेळ मानली गेली. मुंबईची स्वतःची स्थानिक वेळ या प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटे मागे होती आणि त्यानंतरही काही दशके शहरात ती पाळली जात होती. प्रमाणवेळेचा हा रेखांश छत्तीसगडमधूनच जातो. मरोद्याच्या पूर्वेस तो सुमारे १२० किलोमीटर अंतरावर आहे. म्हणून मरोद्याचे घड्याळ आणि मरोद्याचा सूर्य यांचे बऱ्यापैकी जुळते.

ग्रीनिचच्या वेळेपेक्षा भारताची प्रमाणवेळ साडेपाच तास पुढे आहे. न्यूयॉर्कची वेळ हिवाळ्यात ग्रीनिचच्या पाच तास मागे असते. म्हणजे भारत आणि न्यूयॉर्क यांच्यात साडेदहा तासांचा फरक पडतो. मार्चच्या दुसऱ्या रविवारपासून नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारपर्यंत तेथील घड्याळे एक तास पुढे करतात. तेव्हा हा फरक साडेनऊ तासांचा होतो.

आता हिशेब सोपा आहे. कोणताही विमानप्रवास किती तासांचा आहे हे शोधण्यासाठी दोन्ही वेळा एकाच घड्याळात आणाव्यात. न्यूयॉर्कला सकाळचे सात वाजले असतील, तर हिवाळ्यात भारतात त्याच दिवशी सायंकाळचे साडेपाच वाजलेले असतात. रात्री दीडपासून सायंकाळी साडेपाचपर्यंत सोळा तास होतात. परतताना न्यूयॉर्कच्या सकाळच्या साडेअकराला भारतात रात्रीचे दहा वाजलेले असतात. तेव्हापासून दुसऱ्या दिवशी दुपारी साडेबारापर्यंत साडेचौदा तास होतात. कोडे सुटले.

८. घरापासून घरापर्यंत

प्रवाशाच्या दृष्टीने खरा काळ घराच्या दारापासून सुरू होतो. समजा, एका गृहस्थांचे मुंबई–न्यूयॉर्क तिकीट १० जानेवारी रोजी रात्री ०१:३० चे आहे. त्यांनी मरोद्याहून केव्हा निघावे?

येथे सर्वांत मोठा धोका तारखेचा आहे. रात्री बारानंतर तारीख बदलते. १० जानेवारीच्या ०१:३० चे विमान म्हणजे ९ जानेवारीच्या रात्री जेवणानंतर पकडायचे विमान होय. १० तारखेच्या रात्री विमानतळावर पोहोचणाऱ्याचे विमान जवळजवळ एक दिवस आधीच निघून गेलेले असेल.

त्यांचा कार्यक्रम असा आखता येईल. ९ जानेवारीला दुपारी एक वाजता मरोद्याहून निघावे. रस्त्यातील अडचणी धरून तीनपर्यंत रायपूर विमानतळ गाठावा. सायंकाळी साडेपाचचे विमान साडेसातच्या सुमारास मुंबईला पोहोचेल. आंतरराष्ट्रीय उड्डाणासाठी तीन तास आधी, म्हणजे रात्री साडेदहापर्यंत हजर राहायचे असल्याने मध्ये तीन तास हाताशी राहतात. रायपूरचे विमान दोन तास उशिरा आले, तरी पुढचे विमान चुकणार नाही. न्यूयॉर्कला ते भारतीय वेळेनुसार १० जानेवारीला सायंकाळी साडेपाचला उतरतील. दुपारी एकपासून दुसऱ्या दिवशी सायंकाळी साडेपाचपर्यंत साडेअठ्ठावीस तास झाले. त्यांतील सोळा तास लांबच्या विमानातील आहेत. उरलेले साडेबारा तास रस्ता, रायपूरचे विमान आणि वाट पाहणे यांत जातात. उतरल्यावर पारपत्राची तपासणी आणि सामान घेणे यांसाठी आणखी एक-दोन तास धरावेत.

तिकीट काढताना पुढील गोष्टी तपासून घ्याव्यात.

पहिली गोष्ट, विमानतळ कोणता? प्रत्येक विमानतळाला तीन अक्षरांचे चिन्ह असते. रायपूरचे आरपीआर, मुंबईचे बीओएम आणि न्यूयॉर्कच्या केनेडी विमानतळाचे जेएफके. मुंबई परिसरात ऑक्टोबर २०२५ मध्ये नवी मुंबईच्या विमानतळाचे उद्घाटन झाले. त्याचे चिन्ह एनएमआय आहे. एका विमानतळावर उतरून दुसऱ्यावरून पुढे जायचे असेल, तर शहरातील वाहतुकीतून जाण्याचा वेळ हिशेबात धरलाच पाहिजे.

दुसरी गोष्ट, दोन्ही उड्डाणे एकाच तिकिटावर आहेत काय? एकाच तिकिटावर असतील आणि पहिल्या विमानाला उशीर झाल्यामुळे दुसरे चुकले, तर पुढची सोय करण्याची जबाबदारी साधारणपणे कंपनीवर येते. तिकिटे वेगवेगळी काढली असतील, तर नुकसान प्रवाशाचे होते.

तिसरी गोष्ट, विमान मध्ये थांबते काय? ‘नॉन-स्टॉप’ म्हणजे कोठेही न थांबणारे. ‘डायरेक्ट’ या शब्दाचा अर्थ उड्डाणाचा क्रमांक बदलत नाही एवढाच असतो. असे विमान मध्ये उतरू शकते.

चौथी गोष्ट औषधांची. नियमित औषधे घेणाऱ्या व्यक्तीने, विशेषतः मधुमेह असणाऱ्याने, वेळेच्या बदलाबाबत निघण्यापूर्वी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. औषधे हातातील पिशवीत ठेवावीत. लांबच्या प्रवासात अधूनमधून उठून चालावे आणि पाणी प्यावे. पोहोचल्यावर काही दिवस झोपेची वेळ चुकते. शरीराचे आतले घड्याळ मनगटावरील घड्याळासारखे काटे फिरवून बदलता येत नाही.

९. अंतर तेच, काळ बदलला

१५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा यांनी एका लहानशा पस मॉथ विमानातून कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईच्या जुहू येथे टपाल आणले. सकाळी निघालेले ते विमान दुपारी पोहोचले. ८ जून १९४८ रोजी ‘मलबार प्रिन्सेस’ हे एअर इंडियाचे विमान मुंबईहून कैरो आणि जिनिव्हा येथे थांबत लंडनला गेले. मे १९६० मध्ये कंपनीची बोइंग ७०७ विमाने लंडनमार्गे न्यूयॉर्कला जाऊ लागली. २००७ साली कंपनीने मुंबई–न्यूयॉर्क हा प्रवास मध्ये कोठेही न थांबता सुरू केला. सिंगापूर–न्यूयॉर्क या मार्गावर तर विमाने सुमारे १५,३०० किलोमीटर अंतर एका दमात कापतात.

या काळात पृथ्वीचा घेर बदलला नाही आणि शहरेही जागची हलली नाहीत. इंजिने सुधारली, इंधन साठवण्याची क्षमता वाढली आणि वाऱ्याचा अंदाज अधिक अचूक झाला. त्यामुळे तेच अंतर कमी काळात कापता येऊ लागले.

दूर राहणाऱ्या मुलाचा फोन रात्री अकरा वाजता आला, तर तेथे दुपारचे साडेबारा किंवा दीड वाजलेला असतो आणि तो जेवणाच्या सुट्टीत बोलत असतो, हे या ज्ञानामुळे लक्षात येते. तिकीट हाती आले की तारीख, दोन्ही ठिकाणच्या वेळा आणि विमानतळाचे चिन्ह या तीन गोष्टी शांतपणे वाचाव्यात, दोन्ही वेळा भारतीय वेळेत लिहून काढाव्यात आणि मगच घरातून निघण्याची वेळ ठरवावी. ज्याला हा हिशेब स्वतः करता येतो, त्याला प्रवासासाठी दुसऱ्या कोणावर अवलंबून राहावे लागत नाही.

स्वाध्याय

१. मुंबईहून एक विमान दुपारी २ वाजता निघते आणि लंडनला तेथील वेळेनुसार सायंकाळी ६:३० ला पोहोचते. हिवाळ्यात लंडनची वेळ भारताच्या साडेपाच तास मागे असते. प्रवास किती तासांचा झाला?

२. कोलकाता ८८.४ अंश आणि मुंबई ७२.९ अंश पूर्व रेखांशावर आहे. दोन्ही ठिकाणी सूर्य माथ्यावर येण्याच्या वेळांत किती मिनिटांचा फरक पडेल?

३. तिकिटावर ५ मार्च, ००:४० असे लिहिले आहे. उड्डाणापूर्वी तीन तास हजर राहायचे असल्यास विमानतळावर कोणत्या तारखेला व किती वाजता पोहोचावे?

४. पश्चिमेकडे जाताना विमानाला अधिक वेळ का लागतो, हे चार-पाच वाक्यांत स्वतःच्या शब्दांत लिहा.

उत्तरे : (१) १० तास. (२) १५.५ अंश गुणिले ४, म्हणजे ६२ मिनिटे. (३) ४ मार्च, रात्री ९:४०. (४) पाठातील पाचवा भाग पुन्हा वाचून उत्तर तपासा.